महापालिका झाली, शाळा झेडपीच्याच : वसई-विरारनं स्वतःचं शिक्षण खातं उभारावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमचं शहर २००९ साली महापालिका झालं, पण मराठी शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. महापालिकेनं त्या ताब्यात घेऊन स्वतःचं शिक्षण खातं उभं करावं, यासाठी आमच्या सोसायट्यांचा गट सह्या गोळा करतोय. शाळेतले शिक्षक मात्र हळूच सांगतात, 'सह्या करू नका, नंतर पस्तावाल.' आम्ही कोणाचं ऐकायचं?"

दोघांचंही ऐका, पण शिक्षकांचं आधी ऐका, कारण ते जे बोलत नाहीत त्यातच या प्रश्नाची मेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बारा लाखांवर वस्ती असलेल्या शहराच्या शाळा पालघरच्या जिल्हा परिषदेतून चालवणं बरोबर नाही, त्या शहराकडे आल्याच पाहिजेत. पण हस्तांतरणाचा ठराव महासभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि पगाराचा हिशेब "नंतर पाहू" म्हणून राहिला, तर दोन वर्षांत तुमचेच पालक पुन्हा झेडपीचं नाव काढतील. मी आधी जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी होतो, पुढे नगरपालिका आणि महापालिकांच्या शाळांवर प्रशासन अधिकारी म्हणून राहिलो. त्यामुळे दोन्ही घरची भाकरी खाल्लेली आहे, आणि दोन्हीकडचं मीठ कुठं कमी पडतं तेही ठाऊक आहे.

हा घोळ झाला कसा, ते आधी. मुंबई महापालिकेवर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी १९०७ पासून आहे. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा दिली, म्हणजे शहरानं शाळा चालवाव्यात ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२३च्या कायद्यानं शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. तिथं बदल्या-नेमणुकांत इतकं राजकारण शिरलं की १९३८ मध्ये सरकारला लगाम ओढावे लागले. मग १९४७चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला. त्यात 'अधिकृत नगरपालिका' असा एक वर्ग होता. या नगरपालिका स्वतःच्या शाळा स्वतःचं मंडळ नेमून चालवायच्या, बाकीच्या हद्दीतल्या शाळा जिल्हा मंडळाकडे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा जिल्हा मंडळाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणून सोलापूर, नाशिकसारख्या जुन्या शहरांना शाळा वारशात मिळाल्या. गावं वाढत वाढत ज्यांची शहरं झाली त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही.

वसई-विरार महापालिका वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून झाली. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, कचरा सगळं नव्या पालिकेकडे आलं, शाळा मात्र ठाणे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा पालघरच्या झेडपीकडे गेल्या. तुम्ही एकटे नाही. पनवेल २०१६ मध्ये महापालिका झालं तेव्हा जुन्या नगरपरिषदेच्या शाळा पालिकेकडे आल्या, पण नव्यानं आत आलेल्या २९ गावांच्या शाळा वर्षानुवर्षं रायगड झेडपीकडेच होत्या. एकाच शहरात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मालक! पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आत आली, तिथंही शाळा आणि शिक्षक कोणाचे यावर बरीच कागदी लढाई झाली.

कायदा काय म्हणतो, असं तुम्ही विचाराल. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्राथमिक शाळा चालवणं, त्यांना साहाय्य करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यानं शेजारशाळेची जबाबदारी 'स्थानिक प्राधिकरणा'वर टाकली. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत महापालिकाही स्थानिक प्राधिकरण, जिल्हा परिषदही स्थानिक प्राधिकरण, आणि शाळेवर ज्याचं प्रशासकीय नियंत्रण आहे तेही स्थानिक प्राधिकरण. त्यामुळे पत्र घेऊन गेलात की पालिका म्हणते झेडपीकडे जा आणि झेडपी म्हणते हद्द पालिकेची आहे. दोघांच्याही बोलण्याला कायद्याचा आधार असतो, हे विशेष. त्यात आणखी एक गंमत आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत 'प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण' असा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं इतकंच मोघम लिहिलंय. ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांना पुष्कळ काही दिलं, शाळा मात्र अर्धवट दिली.

आता तुमच्या घरपट्टीचं बिल काढा. त्यात 'शिक्षण कर' असा एक रकाना असेल. लोक मला नेहमी विचारतात, "हा कर आम्ही भरतो, मग शाळा का दिसत नाही?" राज्य शिक्षण कर १९६२च्या कायद्यानुसार पालिका फक्त वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. तो पैसा तुमच्या वॉर्डातल्या शाळेसाठी बांधलेला नसतो. काही ठिकाणी पालिकेचा स्वतःचा शिक्षण उपकरही वेगळा असतो, तुमच्या बिलावर दोन ओळी आहेत की एकच ते नीट पाहा. पालिकेचा स्वतःचा उपकर असेल तर तो कुठं खर्च होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखं आहे. सह्यांच्या मोहिमेआधी हे एक काम करा, भाषणात उपयोगी पडेल.

खरा मुद्दा पगाराचा. झेडपीच्या प्राथमिक शिक्षकाचा पगार शंभर टक्के राज्य सरकार देतं. झेडपीचे पदाधिकारी कितीही भांडोत, सभापती कोणीही असो, महिन्याचं वेतन देयक शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून पुढं सरकतं. महापालिकेच्या शिक्षकाच्या पगारावर राज्याचं अनुदान साधारण निम्मं असतं. उरलेलं निम्मं पालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातून घालायचं.

समजा सहाशे शिक्षक हस्तांतरित झाले आणि सरासरी पगार ऐंशी हजार धरला. महिन्याला ४ कोटी ८० लाख, वर्षाला ५७ कोटी ६० लाख. त्यातले २८ कोटी ८० लाख दरवर्षी पालिकेला उभे करावे लागतील, तेही एकदा नव्हे, कायमचे, आणि वेतन आयोग लागला की वाढीव. (आकडे उदाहरणासाठी घेतलेत, खरे आकडे तुमच्या गटानं मागवावेत.) शिवाय निवृत्तिवेतनाचा वाटा, वैद्यकीय बिलं, रजा रोखीकरण, निवडश्रेणीच्या थकबाक्या. मुंबईला हे जमतं, कारण तिथं शिक्षणाचा अर्थसंकल्पच २०२५-२६ मध्ये ३,९५५ कोटींच्या घरात आहे. पण मुंबईचं उदाहरण घेऊन बाकीच्या पालिकांनी नाचू नये. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१५ मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठली आणि २०१७ नंतर पालिका जीएसटीच्या भरपाईवर आणि घरपट्टीवर आल्या. वर आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन. सहाशे शिक्षक पालिकेच्या आस्थापनेवर आले की ही रेघ ओलांडली जाते, आणि मग नगररचना, आरोग्य, अग्निशमन अशा कुठल्याच खात्यात नव्या पदाला मंजुरी मिळत नाही. हे आयुक्तांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणूनच हस्तांतरणाची फाइल "अभिप्रायासाठी" फिरत राहते. आयुक्त शाळांचे वैरी नसतात, त्यांना बेरीज येते इतकंच.

पगार अडला की काय होतं ते दिल्लीनं दाखवलं. २०१२ मध्ये दिल्ली महापालिकेचे तीन तुकडे केले. दक्षिणेला श्रीमंत वस्त्या मिळाल्या, उत्तर आणि पूर्व पालिकांना शाळा, दवाखाने, कर्मचारी मिळाले पण त्या मानानं उत्पन्न मिळालं नाही. शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक करावी लागली. आपल्याकडेही एका नगरपालिकेत मी हे जवळून पाहिलं. शासनाचा हिस्सा आला होता, पालिकेचा हिस्सा दिवाळीआधी रस्त्याच्या ठेकेदाराकडे गेला. शिक्षकांच्या पतपेढीचे हप्ते थकले, घरकर्जाच्या नोटिसा आल्या. एक बाई वर्गात शिकवताना मधूनच बाहेर येऊन बँकेच्या माणसाशी फोनवर बोलायच्या, आणि मुलं फळ्याकडे बघत गप्प बसायची. मुलांना सगळं कळतं.

तुमच्या शिक्षकांच्या मनात पगार आहेच, पण त्याहून मोठी भीती बदलीची आहे, आणि ती ते तुम्हाला सांगणार नाहीत. पालघर जिल्हा म्हणजे एका टोकाला वसई, दुसऱ्या टोकाला जव्हार, मोखाडा, विक्रमगड. २०१७च्या बदली धोरणात शाळांची अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. मोखाड्याच्या पाड्यावर पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जाणाऱ्या तरुण शिक्षकाच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट असते : तीन-चार वर्षं काढू, मग वसई तालुक्यातली एखादी शाळा मिळेल, रेल्वे जवळ येईल, बायकोची नोकरी टिकेल. उद्या वसई-विरारच्या शाळा महापालिकेकडे गेल्या की झेडपीच्या बदलीच्या यादीतून त्या साऱ्या जागा एका फटक्यात गायब होतात. तुमच्या शहराचा ठराव मोखाड्यातल्या वर्गाला असा जाऊन लागतो.

अमेरिकेत राहणारे आपले लोक हा वाद वेगळ्या तऱ्हेनं ओळखतात. तिथं मेम्फिसचा शहरी शाळाजिल्हा (शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था) २०१३ मध्ये आजूबाजूच्या काउंटीत विलीन झाला आणि पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, जर्मनटाउन, कॉलियरव्हिल, बार्टलेट अशा सहा उपनगरांनी आपापले वेगळे शाळाजिल्हे उघडले. तिथल्या शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ताकरातून येतो, त्यामुळे सधन गाव वेगळं झालं की मागे राहिलेल्यांच्या झोळीला भोक पडतं. शिवाय तिथं कातडीच्या रंगाचा जुना इतिहास आहे, न्यायालयांनी अशा फुटीवर १९७२च्या एम्पोरिया खटल्यापासून नजर ठेवलेली आहे. आपल्याकडे झेडपीचा पगार मुंबईहून येत असल्यामुळे वसई गेली म्हणून जव्हारचा रुपया कमी होणार नाही. जव्हारचं नुकसान होईल ते माणसांचं. त्यावर उपाय आहे, तो पुढे सांगतो.

उलट बाजूनं पालिकेतल्या शिक्षकाचंही पाहा. झेडपीचा शिक्षक आंतरजिल्हा बदलीनं आपल्या साताऱ्याला, बीडला परत जाऊ शकतो. पालिकेच्या शिक्षकाला तो रस्ता जवळपास बंद. आयुष्यभर त्याच शहरात. काहींना तेच हवं असतं, वसईतच घर घेतलेल्यांना तर हे वरदान वाटेल. पण सेवाज्येष्ठता कुठून धरायची, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) नव्यानं कशी बसवायची, पदोन्नतीच्या जागा किती, हे लिहून मिळाल्याशिवाय शहाणा शिक्षक विकल्पपत्रावर सही करणार नाही, आणि करूही नये.

इतकं सगळं असूनही मी हस्तांतरणाच्या बाजूचा का? कारण तुमच्या शहराला लागणाऱ्या शाळा झेडपी बांधूच शकत नाही. झेडपीच्या शाळा जुन्या गावठाणात आहेत, जिथं साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुलं होती. आज मुलं आहेत नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, चाळींत आणि चार मजली इमारतींत. तिथं शाळा हवी तर भूखंड हवा. भूखंडाचं आरक्षण विकास आराखड्यात असतं आणि आराखड्याची अंमलबजावणी महापालिकेच्या हातात. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. 'प्राथमिक शाळा व क्रीडांगण' असं लिहिलेल्या जागेवर मग टॉवर उभा राहतो, तोही कायदेशीर. झेडपीला त्या नोटिशीची खबरसुद्धा नसते. ज्या संस्थेला शाळा चालवायची जबाबदारी नाही तिला शाळेचं आरक्षण वाचवायची घाई का असावी? माझ्या दृष्टीनं हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

दुसरं कारण माध्यमाचं. तुमच्या झेडपी शाळा प्रामुख्यानं मराठी. शहर मात्र हिंदी, गुजराती, उर्दू बोलणाऱ्यांनीही भरलेलं आहे. शेजारची मीरा-भाईंदर पालिका मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती माध्यमांच्या शाळा चालवते, मुंबई तर आठ भाषांत शिकवते आणि २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावानं सीबीएसईच्या शाळाही उघडल्यात. वसई-विरारमध्ये ज्या कष्टकरी घरांना मराठी शाळा भाषेमुळे अडते आणि मिशनच्या किंवा संस्थांच्या जुन्या शाळेत प्रवेश मिळत नाही, त्यांच्यापुढे काय उरतं? गाळ्यात भरणारी 'इंग्लिश स्कूल' नावाची पाटी. शिक्षण खातं दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढतं, नोटिसा जातात, आणि जूनमध्ये त्याच गाळ्यात पुन्हा प्रार्थना सुरू होते. जवळ सरकारी शाळाच नसेल तर नोटीस देऊन ती मुलं जाणार कुठं?

आठवीचा प्रश्नही यातच. झेडपीच्या बहुतेक शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवीला संपतात. पुढं खाजगी अनुदानित शाळेच्या दारात उभं राहायचं. शहरानं स्वतःचं खातं केलं तर पहिली ते दहावी एका छताखाली आणता येते. बालवाडी जोडता येते. ज्या पालिकांनी पहिली ते दहावी सलग केली तिथं मुलींची गळती थांबलेली मी स्वतः बघितली आहे. आई कामाला जाते, मुलीला दुसऱ्या टोकाच्या शाळेत एकटी पाठवत नाही. शाळा तीच राहिली तर पाठवते.

आता 'स्वतंत्र' या शब्दावर तुमच्या गटात बरीच चर्चा झालेली दिसते. स्वतंत्र शिक्षण मंडळ हवं, नगरसेवकांपासून दूर, असं तुमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. भावना समजते, पण ते आपण करून पाहिलंय. १९४७च्या कायद्याखालची नगरपालिका शिक्षण मंडळं अशीच स्वतंत्र होती. नगरसेवकपदाची उमेदवारी न मिळालेल्यांची सोय लावायची ती हक्काची जागा झाली. गणवेश, बूट, दप्तर, रेनकोट यांच्या निविदा हाच मंडळाचा मुख्य अभ्यासक्रम. रेनकोट दिवाळीत वाटले जायचे आणि स्वेटर उन्हाळ्यात. २०१३ नंतर राज्यानं ही मंडळं मोडीत काढायला घेतली, पुण्यासारख्या शहरात त्याला २०१७ उजाडलं. ती परत आणू नका. तुम्हाला हवंय वेगळं मंडळ नव्हे, वेगळं लेखाशीर्ष : शिक्षकांच्या वेतनाचा पालिकेचा हिस्सा ज्या खात्यात दर महिन्याला आधी जमा होईल आणि जिथून रस्त्याचं बिल निघणार नाही असं खातं. आणि हवेत शिक्षणातले अधिकारी. पालिकेच्या करवसुली विभागातून उचलून आणलेला 'प्रभारी' शिक्षणाधिकारी नको. राज्याच्या शिक्षणसेवेतून प्रतिनियुक्तीवर माणूस आणा, दर दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख ठेवा, आणि इमारतींसाठी एक कनिष्ठ अभियंता फक्त शाळांना द्या.

क्रम कसा असावा, यावर माझा फार आग्रह आहे. आधी इमारती आणि जागा घ्या, शिक्षक सर्वांत शेवटी. इमारती घेताना काय निघतं त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ताबा-पावती करायला गेलं की मुख्याध्यापक कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढतात. त्यात पितळी घंटा, लाकडी खुर्च्या, पृथ्वीचा गोल, अठरा तक्ते अशा नोंदी, प्रत्यक्षात त्यातलं निम्मं नाही, आणि जे आहे (टीव्ही, संगणक, पाण्याचं यंत्र) त्याची नोंद नाही. हे निस्तरता येतं. खरी फजिती सातबाऱ्यावर होते. शाळा उभी आहे ती जागा कोणा दानशूर गावकऱ्यानं पन्नास-साठच्या दशकात तोंडी दिलेली. बक्षीसपत्र नाही. उताऱ्यावर अजून त्याच्या पणतवांची नावं, आणि आता त्या जागेला विरारमध्ये काय भाव आहे तुम्हीच सांगा. काही ठिकाणी गुरचरण, काही ठिकाणी 'ग्रामपंचायत' अशी नोंद, जी ग्रामपंचायत आता अस्तित्वातच नाही. हस्तांतरणाच्या गडबडीत ही नावं दुरुस्त झाली नाहीत तर पालिकेला छप्पर दुरुस्त करायचाही अधिकार राहत नाही, लेखापरीक्षक लगेच आक्षेप घेतो. धोकादायक वर्गखोल्यांच्या निर्लेखनाचे, म्हणजे त्या नोंदीतून काढून पाडण्याचे, प्रस्ताव झेडपीकडे अर्धवट पडलेले असतील, तेही मागवून घ्या. ना पाडता येत ना वापरता येत अशा खोलीशेजारी मुलं खेळतात.

आणि जनरल रजिस्टर. दाखल-खारीजच्या या वह्या शाळेच्या संपत्तीत सर्वांत मौल्यवान आहेत. जातीच्या दाखल्यासाठी लोक आजोबांची नोंद शोधत येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर शाळांची जुनी दप्तरं उघडली गेली आणि किती वह्या वाळवीनं खाल्ल्यात तेही कळलं. वसईतल्या आगरी, कोळी, आदिवासी कुटुंबांसाठी ही वही म्हणजे शिष्यवृत्तीची आणि आरक्षणाची किल्ली. ताबा बदलण्याआधी प्रत्येक वहीचं पान न् पान स्कॅन करून एक प्रत झेडपीकडे, एक पालिकेकडे राहिली पाहिजे. हे कुठल्याच शासन निर्णयात ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून तुम्ही लिहा.

शिक्षकांसाठी सोपा मार्ग आहे. पाच वर्षं ते झेडपीच्या आस्थापनेवरच राहतील, पगार पूर्वीसारखा शासनाचा शंभर टक्के, काम पालिकेच्या शाळेत. ज्यांना कायमचं यायचंय ते विकल्प देतील, त्यांची ज्येष्ठता झेडपीतल्या नेमणुकीच्या तारखेपासून धरली जाईल. बाकीचे बदलीनं परत जातील, आणि त्या जागा पालिका पवित्र या राज्याच्या शिक्षकभरती पोर्टलवरून स्वतःच्या भरेल. या पाच वर्षांत मोखाडा-जव्हारच्या शिक्षकांची वसईची वाट एका रात्रीत बंद होणार नाही. झेडपीला वाडा, पालघर, डहाणूच्या बाजूला त्यांच्यासाठी जागांची फेरमांडणी करायला वेळ मिळेल. पालिकेवरचा बोजाही एकदम पडणार नाही, दरवर्षी थोडा थोडा वाढेल. मंत्रालयातलं वित्त खातं यावर नाक मुरडेल. पण हा तिढा राज्यानं नव्या महापालिका जाहीर करताना स्वतःच घातलाय, तेव्हा सोडवण्याचा खर्चही त्यानंच काही काळ उचलावा.

ताबा मे महिन्यात द्या-घ्या, वर्ष सुरू असताना नको. मध्येच मालक बदलला की यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीवरची नोंद, पोषण आहाराचा पुरवठा, शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज, सगळं दोन टेबलांच्या मध्ये लटकतं. पोषण आहाराचं वेगळं लक्ष ठेवा. झेडपीच्या शाळेत गावातलीच बाई खिचडी शिजवते, तिची स्वतःची मुलंही बहुतेक त्याच शाळेत असतात. शहरात मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येतात. पालिकेकडे गेल्याबरोबर तिची चूल बंद करायची घाई कोणी करू नये.

तुमच्या निवेदनाच्या मसुद्यात सध्या "शाळा तात्काळ हस्तांतरित कराव्यात" अशी एकच मागणी दिसते. त्या 'तात्काळ'वर शिक्षक बिथरलेत. ते वाक्य काढा आणि त्या जागी असं घाला : "विकास आराखड्यातील शाळेच्या आरक्षणांची वॉर्डनिहाय यादी व कलम १२७च्या प्रलंबित नोटिसा महापालिकेने महिनाभरात जाहीर कराव्यात. शाळांच्या जागांचे उतारे दुरुस्त करून इमारतींचा ताबा येत्या मे महिन्यात घ्यावा. विद्यमान शिक्षकांचे वेतन पाच वर्षे शासनाने शंभर टक्के द्यावे व त्यांना विकल्प असावा. पालिकेचा वेतनहिस्सा स्वतंत्र खात्यात आगाऊ जमा करण्याचा ठराव हस्तांतरणाच्या ठरावासोबतच व्हावा." मग तोच कागद घेऊन शाळेत जा आणि पहिली सही शिक्षकांकडे मागा. शासकीय कर्मचारी म्हणून ते उघडपणे सही करणार नाहीत, पण कोणत्या कलमात काय राहिलंय ते पेन्सिलीनं खूण करून देतील.